पैलतीराचं हॅलो

आमची आत्या फोन उचलल्यावर हॅलो म्हणत नाही, ओ म्हणते. म्हणजे अंगणातून कुणी हाक मारली की माजघरातून आपण जसा ओ देतो ना, अगदी तसाच, जरा लांबवलेला, शेवटी किंचित वर चढलेला ओऽ, आणि मग गप्प. आता तू बोल. वय वर्षं ८४, ऐकायला बरंच कमी येतं, कानाचं मशीन आहे पण ते "शिट्टी मारतं मेलं" म्हणून कपाटात असतं, त्यामुळे फोन कायम स्पीकरवर. मी पुण्याहून दर रविवारी साडेदहाला फोन लावते, कारण दहापर्यंत तिची पूजा आटपते आणि अकराला ती कुकर लावते. मधला अर्धा तास माझा.

गावच्या घरी फोन आला तेव्हा मी बारातेरा वर्षांची असेन. मे महिन्याच्या सुट्टीत गेले होते आणि आत्याला शिकवायला बसले, की आत्या, फोन घेतला की हॅलो म्हणायचं असतं. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "अगो, हाक त्याने मारली ना? मग मी ओ देणार. हाकेला हाक कशी देऊ?" विषय संपला. तेव्हापासून आजपर्यंत ती ओच देते, आधी त्या काळ्या डायलच्या फोनवर, मग पुश बटणाच्या, आता भाच्याने दिलेल्या मोबाइलवर.

हे वाक्य तीसेक वर्षं डोक्यात कुठेतरी पडून होतं, आणि मध्यंतरी आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर तो जुना मेसेज परत फिरत आला आणि ते वर आलं. तुम्हालाही कधी ना कधी आला असेल, की टेलिफोनचा शोध लावणाऱ्या ग्रॅहम बेलच्या प्रेयसीचं नाव मार्गारेट हॅलो होतं, त्याने पहिला फोन लावून तिचं नाव घेतलं म्हणून आपण हॅलो म्हणतो, जग बेलला विसरलं तरी त्याच्या प्रेयसीला विसरणार नाही, आणि शेवटी गुलाबाचं फूल. पाठवणाऱ्याने प्रेमाने पाठवलं होतं, त्याच्यावर राग नाहीये. पण ही बाई नव्हतीच. आणि जी होती तिची गोष्ट मला या बनवलेल्या गोष्टीपेक्षा इतकी मोठी वाटते, की ती झाकली जाते याचं खरंच वाईट वाटतं.

तिचं नाव मेबल हबर्ड. पाच वर्षांची असताना तिला स्कार्लेट फीव्हर झाला आणि ऐकू येणं कायमचं गेलं. ओठ वाचून ती समोरच्याचं बोलणं समजून घ्यायची. बेलचा मूळ व्यवसाय म्हणजे बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवणं, आणि मेबल त्याची विद्यार्थिनी. ११ जुलै १८७७ ला त्यांचं लग्न झालं आणि लग्नाची भेट म्हणून त्याने नव्याकोऱ्या टेलिफोन कंपनीतले आपले १,४९७ शेअर्स, फक्त १० स्वतःकडे ठेवून, बाकी सगळे तिच्या नावावर केले. बेलच्या आईलाही ऐकू कमी यायचं, तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन तो हळू, खालच्या आवाजात बोलायचा म्हणजे आवाजाची थरथर तिला जाणवायची. आवाज तारेतून नेण्याचा ध्यास ज्याने घेतला त्याच्या आयुष्यातल्या या दोन बायका, आणि दोघींनाही त्या यंत्राचा उपयोग नाही. मेबलला तर फोनवरचं एक अक्षरही कधी ऐकू आलं नसेल.

आणि बेल स्वतः फोनवर हॅलो म्हणतच नव्हता! तो म्हणायचा अहॉय. खलाशी एका जहाजातून दुसऱ्या जहाजाला हाक घालताना म्हणतात ते अहॉय. शेवटपर्यंत त्याला तोच शब्द आवडला.

मग हॅलो फोनवर आणलं कुणी, तर त्याचा पुरावा म्हणून सांगितलं जातं ते एडिसनचं एक पत्र, तारीख १५ ऑगस्ट १८७७, म्हणजे बेल-मेबलच्या लग्नानंतर जेमतेम महिन्याभराने लिहिलेलं. एडिसन तेव्हा बेलच्या टेलिफोनमध्ये सुधारणा करत होता आणि पिट्सबर्गच्या टेलिग्राफ कंपनीतल्या डेव्हिड नावाच्या गृहस्थांना तिथे टेलिफोन आणायचा होता. हे पत्र शंभरेक वर्षं कागदपत्रांत पडून होतं, ब्रुकलिन कॉलेजात शिकवणारे अ‍ॅलन कोनिग्सबर्ग यांनी हॅलोचा माग काढत ते शोधून काढलं. चार ओळींचं पत्र. मित्रा डेव्हिड, मला नाही वाटत आपल्याला बोलावण्यासाठी घंटा लागेल, कारण हॅलो १० ते २० फुटांवरून ऐकू येतं, तुला काय वाटतं? खाली ताजा कलम, की बोलायचं आणि ऐकायचं यंत्र बनवायला पहिला खर्च फक्त ७ डॉलर येतो.

मी हे पत्र बऱ्याच वेळा वाचलं, कारण पहिल्यांदा त्यातली गोम लक्षातच आली नव्हती. घंटा लागणार नाही म्हणजे काय? म्हणजे असं, की त्या वेळी कल्पना होती ती दोन ऑफिसांच्या मध्ये कायम चालू असलेल्या लाइनची. नंबर फिरवायचा नाही, रिंग नाही, लाइन उघडीच, दोन्हीकडे यंत्र टेबलावर ठेवलेलं आणि माणसं आपापल्या कामात. मग इकडच्याला काही सांगायचं असेल तर तिकडचा माणूस यंत्राजवळ येणार कसा? तर इकडून जोरात ओरडायचं, हॅलो! आणि खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात बसलेल्याला ते १०-२० फुटांवर ऐकू जाईल, तो उठून येईल. म्हणजे फोनवर हॅलो आलं ते नमस्कार म्हणून आलेलं नाही, ते घंटेच्या जागी आलेलं आहे. ती रिंगटोन होती! आणि हे सुचवणारा एडिसन, त्याला स्वतःला लहानपणापासून ऐकू कमी यायचं, इतकं कमी की फोनोग्राफचा आवाज घेण्यासाठी तो त्याच्या लाकडाला दात लावायचा. लांबून ओरडल्यावर कुठला शब्द कानापर्यंत पोचतो हे त्याच्याइतकं कुणाला कळणार.

पुढे फोनला घंटा आलीच. पण हॅलो काही गेलं नाही, आणि गंमत म्हणजे घंटा वाजवणारा आणि घंटेला उत्तर देणारा असे दोघंही तेच म्हणायला लागले. हाकेला हाक. आत्याला जे खटकलं होतं ते हेच.

आता हा शब्द एडिसनने काही घडवलेला नाही. हॅलो या स्पेलिंगने तो अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत १८२० च्या दशकातही सापडतो, आणि त्याची भावंडं तर त्याहून कितीतरी जुनी. हालो, हिलो, हॉलो, हलो, हलोआ, इंग्रजीत सगळी स्पेलिंग्ज आहेत, ए घ्या ई घ्या आय घ्या ओ घ्या यू घ्या, पहिला स्वर कुठलाही चालतो. शिकारीत कुत्र्यांना सावजावर सोडताना हालू म्हणून ओरडायचे, आपल्याकडे रान उठवायला हाकारे घालतात ना, तसंच. काहीतरी अवचित दिसलं तर इंग्रज माणूस स्वतःशीच हलो म्हणायचा, आपण अगोबाई म्हणतो तसं. पण मी ज्या ओळीपाशी थांबले ती शब्दकोशातली व्युत्पत्तीची ओळ आहे. हे सगळे शब्द जुन्या जर्मनमधल्या हाला किंवा होला या हाकेशी जोडले जातात. ती हाक म्हणजे आणणे या क्रियापदाचं आज्ञार्थी रूप, आण, घेऊन ये, आणि ती हाक वापरली जायची विशेषतः नदीवर, पलीकडच्या काठावरच्या नावाड्याला बोलवायला.

नावाड्याला!

मी रात्री साडेअकराला हे वाचलं आणि मला जागेवरून उठून गॅलरीत जावंसं वाटलं, कारण ही हाक मी ऐकलेली आहे. मी मारलेली आहे.

आमचं गाव वाशिष्ठीच्या खाडीकाठी. आता पलीकडे जायला लोक गाडीने वळसा घालतात, वेळ असला तर फेरीबोट गाठतात, पण माझ्या लहानपणी पोस्ट, दवाखाना, हायस्कूल, एस्टी, सगळं पलीकडे आणि आम्ही अलीकडे, आणि मध्ये तर. तर म्हणजे ती दोन्ही काठांवर माणसं पोचवणारी होडी, आमच्याकडे तिला तरच म्हणतात आणि ती चालवणारे ते तरवाले. आमचे तरवाले म्हणजे चाचा. सगळं गाव त्यांना चाचाच म्हणायचं, माझे आजोबासुद्धा, जे त्यांच्यापेक्षा वयाने मोठे होते. चाचांची तर अलीकडे असली तर प्रश्न नसायचा, पण ती हमखास पलीकडे असायची, आणि मग काठावर उभं राहून हाक घालायची.

ही हाक कशीही घालून चालत नाही. पाण्यावरून शब्द जात नाहीत, हे मला आत्याने शिकवलं. मी आपली जीव तोडून "चाचा तर घेऊन या" असं ओरडायचे, पाठोपाठ, शाळेत कविता म्हणतात तसं, आणि पलीकडे काही हलायचं नाही. आत्या म्हणायची, सगळं नको बोलूस, शेवट ओढ. मग ती स्वतः दोन्ही हात तोंडाशी धरून, पदर कमरेला खोचलेला, जरा मागे झुकून घालायची, "चाचाऽऽऽ... तर आणाऽऽऽ होऽऽऽ". यातलं चाचा आणि तर आणि आणा हे बहुधा काहीच पलीकडे पोचत नसेल, पोचायचा तो फक्त शेवटचा लांब हो. संध्याकाळी खारा वारा सुटला की तोही पोचायचा नाही, मग थांबायचं, वारा जरा पडला की परत. दोन हाकांच्या मध्ये इतकं शांत व्हायचं की ओहोटीला चिखलातून खेकडे बिळात शिरताना होणारा बारीक चुटचुट आवाज ऐकू यायचा. आणि मग पलीकडून, कितीतरी वेळाने, चाचा वल्हं उभं धरायचे. दिसलं, येतो. किंवा हवा बरी असेल तर त्यांचा आवाजच यायचा पाण्यावरून.

ओऽऽऽ.

आता बघा, तर आणा हो. आणा. त्या जुन्या जर्मन हाकेचा अर्थ आण, घेऊन ये, आणि आमची खाडीवरची हाक आणा हो. मी इथे शब्दांचं नातं जोडत नाहीये, हाळी आणि हॅलो सारखे ऐकू येतात म्हणून ते बहीणभाऊ ठरत नाहीत. पण पाणी मध्ये असलं आणि नाव पलीकडे असली की माणूस ऱ्हाइनच्या काठावर असो नाहीतर वाशिष्ठीच्या, तो तेच म्हणणार, त्याला दुसरं काही म्हणायचंच नसतं. आणि इंग्रजीत पहिला स्वर कुठलाही का चालतो हेही मला तिथेच कळलं, चालतो कारण तो कुणाला ऐकूच जात नाही. लांबवायचा असतो तो शेवटचा. बेलचं अहॉयही पाण्यावरचं आणि एडिसनचं हॅलोही पाण्यावरचं, दोघांतलं कुणीही जिंकलं असतं तरी फोन उचलून आपण होडीलाच हाक मारली असती.

तेव्हापासून मी कान देऊन ऐकतेय की आपण मराठीत हॅलो नक्की कुठे कुठे म्हणतो. इंग्रजीत तो शब्द पुढे नमस्काराचा झाला, समोरासमोर भेटल्यावर म्हणायचा. आपल्याकडे समोर माणूस आला तर आपण नमस्कार म्हणतो, राम राम म्हणतो, नाहीतर सरळ काय कसं काय, आज इकडे कुठे? हॅलो म्हणतो ते इंग्रजी वळणाच्या ऑफिसात किंवा शाळेत वगैरे. मग आपलं अस्सल हॅलो कुठंय? गणपतीच्या मांडवात, सकाळी सात वाजता, माइकवर बोटाने टकटक करून, हॅलो हॅलो माइक टेस्टिंग, पोचतोय का रे आवाज मागे? मोबाइलची रेंज गेल्यावर, मधेच, वाक्य तोडून, हॅलो... हॅलो... ऐकू येतंय का? परदेशातल्या मुलाशी व्हिडिओ कॉल करताना चित्र अडकलं की आई स्क्रीनच्या अगदी जवळ जाऊन म्हणते ते हॅलो. माझी मुलगी रांगेत मध्ये घुसणाऱ्याला "ओ हॅलो!" म्हणते, तेसुद्धा, इकडे बघा, मी इथे उभी आहे. यातलं एकही हॅलो नमस्कार नाहीये. प्रत्येक ठिकाणी एकच विचारणं आहे, मी इथे आहे, तू तिथे आहेस ना?

म्हणजे ज्या अर्थाने हा शब्द नदीकाठी जन्मला तो अर्थ इंग्रजीने मागे टाकला आणि आपण, आयता आलेला शब्द घेऊनसुद्धा, नेमका तोच धरून ठेवला. फ्रेंच लोकांचंही तसंच आहे म्हणा, ते आलो म्हणतात ते फक्त फोनवर, रस्त्यात भेटल्यावर बोंजूर. रशियनही फोनवरच आल्लो म्हणतात. इटालियन माणूस प्रोंतो म्हणतो, म्हणजे तयार आहे, आणि जपानी मोशी मोशी, म्हणजे सांगते, सांगते. हे इटालियन प्रोंतो मला फार आवडलं, कारण ते हाक नाही, ओ आहे. आत्याच्या जातकुळीचं.

२०२२ साली २ ऑक्टोबरपासून महाराष्ट्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना फोनवर हॅलोऐवजी वंदे मातरम् म्हणायचं आवाहन केलं होतं, ते आठवत असेल. वंदे मातरम् कुणी कुठेही म्हणावं, ते कानावर पडलं की माझ्या अंगावर आजही काटा येतो. पण त्या वेळी हॅलोला विशिष्ट असा काही अर्थच नाही, नुसतं पाश्चात्त्यांचं अनुकरण, असं जे म्हटलं गेलं ते मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आता तर मुळीच पटत नाही. शब्द परका आहे, कबूल. अर्थ नाही असं कसं म्हणता? पाण्यापलीकडच्या माणसाला बोलावणं हा अर्थ नाही का? यापेक्षा आणखी किती अर्थ एका शब्दात असायला हवा.

फोनच्या सुरुवातीच्या दिवसांत तर हा शब्द शिकवावा लागत होता. अमेरिकेत न्यू हेवन नावाच्या गावात २८ जानेवारी १८७८ ला पहिलं टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं, २१ गिऱ्हाइकं घेऊन, आणि त्याच वर्षी त्यांनी काढलेल्या डिरेक्टरीत फोनवर कसं बोलायचं याच्या सूचना होत्या. सुरुवात करताना ठामपणे आणि आनंदाने हलोआ म्हणावे, आणि बोलणं संपलं की म्हणावे, दॅट इज ऑल. बस, एवढंच. हलोआ टिकला आणि दॅट इज ऑल काही टिकलं नाही. (आपण मराठीत शेवटी जे म्हणतो, चल ठेवते, त्याबद्दल मला स्वतंत्र लिहायचंय कधीतरी, कारण रिसीव्हर खाली ठेवायची ती कृती आता उरलेलीच नाही आणि तरी आपण ठेवतोच आहोत.) आधी एक्स्चेंजवर मुलं बसवलेली, तारखात्यात काम केलेली पोरं, ती गिऱ्हाइकांशी उद्धटपणे बोलायची, म्हणून १ सप्टेंबर १८७८ ला बोस्टनमध्ये एमा नट नावाच्या बाईंना घेतलं आणि मग हे काम बायकांचंच झालं. त्यांना नाव पडलं हॅलो गर्ल्स. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने अशा २००हून जास्त बायका फ्रान्सला नेल्या, त्यांनी गणवेश घातला, शपथ घेतली, आघाडीवरच्या तारा सांभाळल्या, आणि परत आल्यावर त्यांना सांगितलं की तुम्ही सैनिक नव्हताच. तो मान त्यांना मिळाला १९७७ साली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हाकांना ओ दिलेल्या या बायका, त्यांच्या हाकेला ओ यायला जवळजवळ ६० वर्षं लागली, तोपर्यंत त्यातल्या बऱ्याचजणी गेल्या होत्या. हे वाचून मी बराच वेळ काही करू शकले नाही.

मुंबईत एक्स्चेंज आलं १८८२ साली, तारीख योगायोगाने तीच, २८ जानेवारी. पण शब्द मुंबईत आला म्हणून खाडीपलीकडे पोचत नाही, मध्ये जवळजवळ शंभर वर्षं जातात. आमच्या पंचक्रोशीतला बराच काळ एकच फोन म्हणजे पलीकडच्या पोस्टातला, आणि त्यावर येणारे ते ट्रंक कॉल. मुंबईहून बुक करायचा, आणि तासन् तास वाट बघायची, आणि लागला की सगळं पोस्ट ऐकेल इतक्या मोठ्याने बोलायचं.

माझा जन्म १९७९ चा, मुंबईतला, जुलै महिना. बाबांनी गावच्या पोस्टात ट्रंक कॉल लावला. ही गोष्ट मी आत्याकडून इतक्या वेळा ऐकलीय की मला ती स्वतः बघितल्यासारखी वाटते. पोस्टमास्तर सांगायचे म्हणे, की तुझ्या भावाने दहा वेळा नुसतं हॅलो हॅलोच केलं, लाइनीत पाऊस भरल्यासारखी खरखर, आणि मग एकदाचं ऐकू आलं, मुलगी, दोघी बऱ्या आहेत, कळवा. आणि लाइन गेली. आता कळवायचं कसं? जुलैचा पाऊस, खाडी फुगलेली, तर बंद. पोस्टातला शिपाई छत्री घेऊन काठावर आला. चाचा तिथेच खोपटात बसलेले, त्यांनी सांगितलं, तुझा आवाज नाही जायचा, बाजूला सर, आणि स्वतः गुडघाभर पाण्यात उतरले.

आत्या अलीकडे गोठ्यात होती. पाऊस जरा थांबलेला. तिने ऐकलं ते फक्त लांबवर कुणीतरी होऽऽऽ करतंय एवढंच, शब्द नाहीत. ती तशीच, शेणाच्या हाताने, काठावर धावली आणि तिने ओ दिला. परत हाक. परत ओ. मग कितव्यातरी हाकेला वारा वळला आणि एक शब्द पाण्यावरून आला, मुलगीऽऽऽ, आणि पाठोपाठ चाचांनी दोन्ही हात वर केले, म्हणजे दोघी बऱ्या. आत्या म्हणते, मला ते हात बघून आधी कळलं, शब्द मागून आला.

मुंबईहून पोस्टापर्यंत हॅलो आणि पोस्टापासून घरापर्यंत हाक. माझ्या जगात येण्याची बातमी अशी पोचली. मला वाटतं म्हणूनच आत्याला त्या दोन शब्दांत फरक कधी दिसलाच नाही. तिच्या दृष्टीने फोन म्हणजे चाचाच, अलीकडे आणून सोडणारा.

चाचा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची तर काही वर्षं काठावर पालथी होती, मग तीही दिसेनाशी झाली.

या रविवारी मी आत्याला हे सगळं सांगायचं ठरवलं होतं. तिला जर्मन वगैरे सांगून काय उपयोग, असं मनात आलं, पण म्हटलं सांगूया. ओऽ आला. मी मोठ्याने, सावकाश, शेवट ओढत सांगितलं, आत्या, हॅलो म्हणजे ना, तरवाल्याला हाक मारायचा शब्द आहे, फार जुना, परदेशातला. थोडा वेळ नुसती घराची पोकळी ऐकू येत होती. मग ती म्हणाली, "मग? मी काय सांगत होत्ये तुला?" आणि लगेच, पावसाने आंब्याचा मोहर गळला, आणि बाळ्याच्या मुलीचं ठरलं, आणि तू मशीनचं नको विचारूस, ते शिट्टी मारतं. अकरा वाजत आले. "चल ठेवत्ये हं, कुकर लावायचाय."

आणि तिने ठेवला. म्हणजे खरोखर ठेवला, टेबलावर, रिसीव्हर ठेवतात तसा. लाल बटण दाबायचं असतं हे तिच्या हाताला अजून लागलेलं नाही, त्यामुळे दर रविवारी लाइन उघडीच राहते, एडिसनने कल्पिली होती तशी, आणि तिच्या स्वयंपाकघरातलं मला सगळं ऐकू येत असतं. तांदूळ धुतल्याचं पाणी. कुकरचं झाकण दोनदा बसत नाही, तिसऱ्यांदा बसतं. मागीलदारी कावळा. ती स्वतःशी काहीतरी पुटपुटते, बहुतेक अर्ध्या राहिलेल्या स्तोत्राचा उरलेला भाग. मी या वेळी हॅलो म्हणत नाही. म्हटलं तर ती हातातलं टाकून ओ द्यायला येईल. पहिली शिट्टी होईपर्यंत मी नुसती बसते, आणि मग इकडून फोन बंद करते.